समुद्रावर वाट कोणी द्यायची?

समोरासमोर येणाऱ्या दोन यांत्रिक बोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचे आणि एकमेकींना डाव्या बाजूने ओलांडायचे, हा समुद्रावरचा सर्वांत साधा नियम. रस्त्यावर डावीकडून चालणाऱ्यांना तो उलटा वाटेल, पण जगभर तो असाच आहे. पाण्यावर ना दुभाजक असतो, ना सिग्नल, ना ब्रेक. भरलेले मोठे तेलवाहू जहाज इंजिन उलटे फिरवले तरी थांबेपर्यंत काही किलोमीटर पुढे गेलेले असते. त्यामुळे कोणी, कधी आणि कुठे वळायचे हे आधीच ठरलेले असावे लागते.

शिडांच्या काळात हे रूढीने चालत असे. वाऱ्याची पर्वा न करता कुठूनही येणाऱ्या आगबोटी वाढल्या तेव्हा रूढी अपुऱ्या पडल्या. लंडनच्या ट्रिनिटी हाउस संस्थेने १८४० मध्ये लेखी नियम केले, १८६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने समान नियमावली स्वीकारली आणि पुढे इतर देश तिला जोडले गेले. आजची नियमावली १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कराराची असून ती १५ जुलै १९७७ पासून लागू आहे. भारतही या करारात आहे. खुला समुद्र आणि त्याला जोडलेले, समुद्रगामी जहाजे जाऊ शकतील असे सारे पाणी तिच्या कक्षेत येते. कंटेनरचे जहाज असो की खाडीतली होडी, नियम दोघांनाही लागू.

धोका आहे की नाही, हे ओळखण्याची एक जुनी आणि खात्रीची खूण आहे. दुसरी बोट होकायंत्रावर ज्या दिशेला दिसते ती दिशा बदलत नसेल आणि अंतर मात्र कमी होत असेल, तर टक्करीचा धोका आहे. होकायंत्र नसले तरी आपला रोख स्थिर ठेवून, एकाच जागी बसून, दुसरी बोट कठड्याच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरावी. ती त्या खांबाला चिकटूनच मोठी होत गेली तर हालचाल करायलाच हवी. जहाज फार मोठे किंवा फार जवळ असेल तर दिशा थोडी बदलूनही धोका राहतो. शंका असेल तर धोका आहे असेच धरायचे, असे नियमच सांगतो.

दोन यांत्रिक बोटींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे तिने वाट द्यायची, आणि शक्यतो दुसरीच्या पुढून न जाता मागून जायचे. रात्री दिवेच हे सांगतात. बहुतेक बोटींच्या उजव्या अंगाला हिरवा आणि डाव्या अंगाला लाल दिवा असतो. उजवीकडून येणाऱ्या बोटीचा लाल दिवा दिसला की वाट आपण द्यायची. त्या बोटीला आपला हिरवा दिवा दिसत असतो. मागून येऊन पुढे जाणाऱ्या बोटीने मात्र नेहमीच बाजूने जायचे. शिडाची बोट यांत्रिक बोटीला मागे टाकत असली तरी जबाबदारी शिडाच्या बोटीचीच. दोन शिडाच्या बोटींमध्ये डाव्या अंगाने वारा घेणारी बाजूला होते. दोघी एकाच अंगाने वारा घेत असतील तर वाऱ्याकडची बोट दुसरीला वाट देते.

या नियमावलीत ‘मार्गाचा हक्क’ कुणालाही दिलेला नाही, आणि नेमके हेच अनेकदा विसरले जाते. एका बोटीचे कर्तव्य वाट देण्याचे, तर दुसरीचे आपली दिशा आणि वेग कायम ठेवण्याचे. दुसरीही वळली तर पहिलीचा अंदाज चुकतो. पण वाट देणारी काहीच करत नाही असे दिसले तर दुसरीला स्वतः हालचाल करण्याची मुभा आहे, आणि एकटीच्या वळण्याने पहिलीला टक्कर टाळणे शक्य नाही इतके अंतर उरले की तसे करणे तिला बंधनकारकच होते. तोवर भोंग्याचे किमान पाच तोकडे आवाज देऊन शंका कळवायची. एक तोकडा आवाज म्हणजे ‘उजवीकडे वळतो आहे’, दोन म्हणजे ‘डावीकडे’. वळण लवकर आणि ठळक हवे. थोडे थोडे वळत राहिले तर समोरच्याला काहीच कळत नाही.

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ आंद्रेआ डोरिया आणि स्टॉकहोम ही प्रवासी जहाजे एकमेकांवर आदळली. दोन्हींवर रडार होते, दोघांनाही दुसऱ्याची चाहूल होती. पण एक डावीकडे वळले, दुसरे उजवीकडे. ५१ माणसे गेली आणि आंद्रेआ डोरिया दुसऱ्या दिवशी बुडाले. त्या रात्री धुके होते. धुक्यात किंवा मुसळधार पावसात बोटी एकमेकींना दिसत नसतील तर वाट देणारी आणि दिशा राखणारी हा भेदच उरत नाही. दोघींनीही वेग कमी करायचा आणि भोंगा देत राहायचे. पुढे सरकणाऱ्या यांत्रिक बोटीसाठी हा भोंगा जास्तीत जास्त दर दोन मिनिटांनी एक लांब आवाज असा असतो.

कोकणच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त गैरसमज मासेमारीबद्दल आहेत. वळणे अवघड होईल अशी जाळी किंवा दोर पाण्यात असलेल्या बोटीला यांत्रिक आणि शिडाच्या बोटींनी वाट द्यायची, हे खरे. पण जाळे वर घेऊन बंदराकडे निघालेली बोट नियमाच्या दृष्टीने साधी यांत्रिक बोट ठरते. अरुंद वाहतूक मार्गात तर मासेमारी करणाऱ्या बोटीनेही इतर जहाजांचा रस्ता अडवायचा नाही, आणि वीस मीटरपेक्षा लहान बोटींनी त्या मार्गाखेरीज जाऊच न शकणाऱ्या जहाजाला अडथळा करायचा नाही. मोठे जहाज तिथे बाजूला होऊ शकत नाही, झाले तर गाळात रुतते.

मुंबई बंदराच्या मुखाशी ७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही दोन मालवाहू जहाजे धडकली. शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल खारफुटीपर्यंत पोहोचले आणि बंदराची वाहतूक काही दिवस बंद राहिली. गर्दीच्या पाण्यात दोन जहाजांच्या चुकीची किंमत किनाऱ्यावरच्या कोळ्यांनाही मोजावी लागते.

सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच काम आहे: डोळ्यांनी, कानांनी आणि मिळेल त्या साधनाने सतत पहारा ठेवणे. रडार असले तरी या पहाऱ्यातून सुटका नाही. पाहण्याइतकेच दिसून येणेही महत्त्वाचे. सात मीटरपेक्षा लहान आणि ताशी सात सागरी मैलांहून अधिक वेग नसलेल्या यांत्रिक बोटीला सर्व बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा पुरतो. वल्ह्याच्या होडीत काहीच नसेल तरी पेटती बॅटरी किंवा कंदील हाताशी हवा, आणि टक्कर टळेल इतक्या वेळेआधी तो दाखवायला हवा.