हॅममधला गहू

मांसात ग्लुटेन नसते. गहू, जव आणि राय या धान्यांतले ते प्रथिन. डुकराच्या मांडीत, कोंबडीत किंवा बोकडाच्या मटणात ते असण्याचे कारणच नाही. पण खाटकाच्या ठोकळ्यापासून घरच्या पातेल्यापर्यंतच्या वाटेत मांसाला काय काय लागते, यावर ग्लुटेन न सोसणाऱ्या, म्हणजे सीलिॲक आजार असलेल्या माणसाचे जेवण अवलंबून असते. गव्हाशी या आजाराचा असलेला संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिला. त्यावरचा उपाय आजही तोच आहे: ही धान्ये जन्मभर पूर्ण बंद. ‘थोडेसे चालेल’ याला इथे जागा नाही.

हॅम म्हणजे मिठात मुरवून टिकवलेली डुकराची मागची मांडी. इटलीतल्या पार्माच्या हॅममध्ये मांडी आणि मीठ एवढेच असते. बाकीचे काम महिनोन्‌महिने हवा करते. मांडीच्या उघड्या भागावर चरबी आणि पीठ कालवून लेप देतात. ते पीठ बहुधा तांदळाचे असले, तरी अख्खी मांडी घेताना विचारलेले बरे.

अमेरिकेतल्या दुकानांमधले बहुतेक हॅम असे मुरत नाही. मीठ, साखर आणि नायट्राइट यांचे पाणी सुयांनी मांसात भरतात, मग ते शिजवतात किंवा धुरी देतात. किती पाणी राहिले यावर तिथले कृषी खाते मालाचे नाव ठरवते. चरबी वगळून उरलेल्या भागात प्रथिन किमान २०.५ टक्के असेल तर नुसते ‘हॅम’, १८.५ टक्के असेल तर ‘नैसर्गिक रसासह हॅम’, १७ टक्के असेल तर ‘पाणी घातलेले हॅम’ आणि त्याखाली ‘हॅम व पाणी यांचे उत्पादन’. पाणी वाढले की ते धरून ठेवायला स्टार्चसारखे काही घालण्याची गरजही वाढते. म्हणून घटकांच्या यादीआधी हे नाव वाचावे. निम्मी निवड तिथेच होते.

यादी वाचताना एक मेख ध्यानात ठेवायला हवी. अमेरिकेचा २००४ चा ॲलर्जीविषयक कायदा गव्हाचा उल्लेख सक्तीचा करतो, पण तो अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीतल्या मालापुरता. मांस आणि कोंबडी कृषी खात्याकडे येतात. त्यामुळे हॅमवर ‘मॉडिफाइड फूड स्टार्च’ छापलेले असेल, तर तो बहुधा मक्याचा असतो, पण गव्हाचा असणे अशक्य नाही. बऱ्याच कंपन्या आपणहून गहू नोंदवतात. न नोंदवणाऱ्यांना विचारावे लागते. माल्ट, सोया सॉस आणि गव्हाचे हायड्रोलाइझ्ड प्रथिन हे शब्द दिसले की पाकीट परत ठेवावे. डेक्स्ट्रोजला मात्र घाबरण्याचे कारण नाही. हॅमसोबत मिळणाऱ्या ग्लेझच्या पुडीची यादीही वेगळी वाचायची. हॅम निर्धोक आणि पुडीत गहू, असे घडू शकते. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅम ही मर्यादा अमेरिका, युरोप आणि भारत तिन्हीकडे आहे.

सॉसेजचे प्रकरण अधिक अवघड. ब्रिटिश सॉसेजमध्ये रस्क, म्हणजे गव्हाचा भाजका चुरा, परंपरेनेच असतो. गोव्याच्या चौरिसात मात्र डुकराचे मांस, मीठ, मिरची, लसूण, मसाला आणि माडाच्या सुरेचे व्हिनेगर. त्यात धान्याला काही कामच नाही. फ्रोझन कबाब आणि नगेट्स यांत ब्रेडचा चुरा गृहीत धरूनच यादी वाचावी.

दुकानात समोर कापून मिळणाऱ्या हॅमचा धोका यंत्राच्या पात्यात असतो. त्याच पात्याखालून गहू घातलेला मीटलोफही जातो. बंद पाकीट किंवा अख्खा तुकडा घेऊन घरी कापणे अधिक खात्रीचे. त्याहून खात्रीचे म्हणजे ताजी मांडी आणून मीठ-साखरेच्या पाण्यात ठेवून घरीच भाजणे. नायट्राइट नसल्याने तिला गुलाबी रंग आणि हॅमची नेमकी चव येत नाही, पण आत काय आहे ते स्वयंपाक करणाऱ्याला पुरते ठाऊक असते.

मराठी स्वयंपाकघरात, मग ते पुण्यात असो की न्यू जर्सीत, आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली हिंग. बाजारातला बांधानी हिंग पुष्कळदा मैद्यात मिसळलेला असतो, आणि मॅरिनेशनमधली चिमूटभर पूडही बाधायला पुरते. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. तो शोधून आणावा. दुसरी पोळ्यांची पिठी. पोळ्या लाटताना ती ओट्यावर पसरते, हवेत उडते आणि उघड्या पातेल्यात बसते. म्हणून मांस आधी शिजवून झाकून ठेवावे, कणीक मागाहून काढावी. सुरी आणि लाकडी पाट वेगळे ठेवावेत, कारण लाकडाच्या चिरांत अडकलेले पीठ धुऊन जात नाही. ब्रेडक्रम्ब्स लावून तळलेल्या कटलेटचे तेल परत वापरू नये. रस्सा दाट करायला मैद्याऐवजी तांदळाचे पीठ, कॉर्नफ्लोअर किंवा वाटलेले खोबरे चालते.