पंचखाद्यातील पाचवा ‘ख’

गणरायाच्या आरतीचा घंटानाद विरतो न विरतो तोच घरातील बालगोपाळांचे लक्ष खिरापतीच्या वाटीकडे वळते. खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस या पाच ‘ख’कारांचे पंचखाद्य हा श्रींच्या आवडीचा नैवेद्य मानला जातो. काही घरांत पाचवा ‘ख’ निराळा असतो, ती गोष्ट वेगळी. परंतु ज्या घरी तो खिसमिस आहे, तेथील गृहिणीने वाटीतला एक बेदाणा क्षणभर तळहातावर घेऊन पाहावा. खिसमिस हे फारसी ‘किशमिश’चे मराठी रूप, आणि बेदाणा हा शब्दही त्याच भाषेतला, ‘बे-दाना’ म्हणजे बी नसलेला. देवघरात इतका रुळलेला हा जिन्नस मूळचा परमुलखातला, याची साक्ष त्याची दोन्ही नावे देतात.

द्राक्षाची ही वाट फार जुनी आहे. पाणिनीच्या एका सूत्रात कापिशी या नगरीचा उल्लेख येतो आणि त्यावरील काशिकावृत्तीने उदाहरण दिले आहे ते तेथील मधाचे आणि द्राक्षांचे. ही कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील बेग्राम, असे अभ्यासक मानतात. काबूलपासून त्या बाजूस पसरलेले शमालीचे मैदान आजही द्राक्षांसाठीच ओळखले जाते. अफगाण शेतकरी मातीच्या जाड भिंतींत उभ्या फटी ठेवून ‘किशमिशखाना’ बांधतो, आत घड टांगतो आणि त्यांना ऊन लागू न देता नुसत्या वाऱ्यावर वाळवितो. हिरवी किशमिश तयार होते ती अशी. तीच घेऊन पायी हिंडणारा काबुलीवाला रवींद्रनाथांच्या कथेने साऱ्या देशाच्या ओळखीचा केला. पुढे फाळणी झाली, वाटेत सरहद्दी उभ्या राहिल्या आणि १९९९ साली तालिबानांनी शमालीतील बागाच जाळल्या. २०१७ पासून काबूलहून विमानानेही माल भारतात येऊ लागला. अफगाण किशमिश आपल्या बाजारात आजही मिळते. पण महाराष्ट्रातील घराघरांत जो बेदाणा येतो, तो बहुतांशी आता आपल्याच मातीतला असतो.

ही किमया घडली ती श्रीगणेशाच्याच एका गावी, असे म्हणावयास हरकत नाही. सांगली जिल्ह्यातील तासगाव हे परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपती मंदिराचे आणि त्याच्या सात मजली गोपुराचे गाव. येथील श्रींचा उत्सव दीड दिवसांचा. ऋषिपंचमीस रथ निघतो आणि हजारो हात दोर ओढतात. याच तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन जातीच्या वेलींतून एक निराळा वेल निवडून वाढविला. त्या वाणाचे नाव ‘तास-ए-गणेश’. तासगाव आणि गणेश ही दोन्ही नावे त्यात आली. हा थॉमसन तरी कोठला? तुर्कस्तानात ज्याला सुलताना म्हणतात आणि अफगाणिस्तानात किशमिशी, त्याच बिनबियांच्या पांढऱ्या द्राक्षाचे ते कॅलिफोर्नियातील नाव. परदेशी वेल येथे रुजला आणि त्याच्या फांदीला देवाचे नाव मिळाले.

वाळविण्याची रीत मात्र मुलखागणिक बदलते. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या परिसरात घड तोडून वेलींच्या ओळींतच कागदावर उन्हात पसरण्याची परंपरा आहे. तो बेदाणा काळसर होतो. तुर्कस्तानात मनिसाच्या बागांत पोटॅशच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवितात आणि इझमीरच्या बंदरातून तो सोनेरी माल जगभर जातो. या व्यापारात तुर्कस्तान अग्रेसर आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या कोरड्या हवेच्या टापूत घड द्रावणात बुडवून पत्र्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर थरांनी पसरतात. सावली आणि वारा, म्हणजे तत्त्व किशमिशखान्याचेच. पंधरवड्याच्या आसपास बेदाणा तयार होतो. मग त्याला गंधकाची धुरी देतात आणि बायाबापड्या बसून तो निवडतात. (नैवेद्यापूर्वी बेदाणे स्वच्छ धुऊन घेण्याची आजीची शिस्त म्हणूनच सोडू नये.) एक किलो बेदाण्यास सुमारे चार किलो द्राक्षे लागतात. फेब्रुवारी ते एप्रिलात झालेला हा माल शीतगृहात राहतो आणि रमजान, गणपती, दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतो. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

बेदाणा हा बागायतदाराचा मोठा आधार. ताज्या द्राक्षाला थांबता येत नाही. दक्षिण आफ्रिका आणि चिली यांचा हंगाम ओसरत असताना आणि भूमध्य सागराकाठची द्राक्षे अजून यावयाची असताना युरोपात जी थोडी जागा मोकळी होते, तीच आपली संधी. १९९१ मध्ये सहकारी संघांनी मिळून ‘महाग्रेप्स’ स्थापन केली आणि तो मार्ग रुळला. पण त्या मार्गावर ठेच केव्हा लागेल याचा नेम नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला म्हणून आपले कंटेनर युरोपात अडकले. पाठविण्यापूर्वी तपासावयाच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हते; नुकसान मात्र वर्षभर वेल जपणाऱ्याच्या पदरी पडले. २०२४ च्या हंगामात तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि प्रवास कितीतरी दिवसांनी लांबला. २०२० च्या मार्चअखेरीस ऐन तोडणीत टाळेबंदी लागली, व्यापारी फिरकेना, तेव्हा गावोगावी लोकांनी तेच घड शेडमध्ये नेऊन पसरले. जे सडून गेले असते, ते खिरापतीत आले. भाव मनाजोगा मिळाला असेल असे नव्हे, परंतु बाग पुढच्या छाटणीपर्यंत तगली.

ती छाटणी आता तोंडावर आली आहे. तासगावचा रथ परत जागेवर आला की बागायतदार आभाळाकडे पाहू लागतो. फळछाटणी लवकर उरकली तर माल आधी येऊन दर चांगला लागतो. पण परतीचा पाऊस लांबला तर कोवळ्या घडांवर डाऊनी पडते, आणि फुलोऱ्यात अवकाळी आली तर घड गळतो. उशीर करावा तर बाजारात साऱ्यांचाच माल एकदम येतो. कित्येक घरांत कात्री लावण्याचा दिवस अद्याप ठरलेला नसतो. बाप्पांच्या पुढ्यात मात्र मागच्या उन्हाळ्याचा बेदाणा वाटीत असतो.