थंडीआधी घराची पाहणी

कागलकर, पाऊस ओसरला, ऊसतोडीच्या टोळ्या येऊ लागल्या. थंडीआधी एक रविवार घरासाठी काढा.

🏠 स्लॅबवरचं शेवाळ खरवडा, भेगा कोरड्या असतानाच बुजवा. पन्हळीतला पाला काढा.

🎨 भिंतीतली ओल पूर्ण सुकल्याशिवाय ऑइलपेंट नको. आतली वाफ बाहेर पडू न शकल्यानं फुगे येतात, पापुद्रे सुटतात.

☀️ सोलरच्या नळ्या पुसा. धूळ असली की पाणी कमी तापतं.

🔥 गॅस गिझर असेल तर न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवा. कोंडलेला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो आणि त्याला वासही नसतो.

घटस्थापनेआधी धुतलेल्या वाकळांना पुन्हा एकदा कडक ऊन दाखवा. रात्री फरक कळेल!