अलिबागची वेधशाळा आणि कामाचा निराशावाद

पीएचडीच्या पहिल्या वर्षी ‘होईल सगळं नीट’ म्हणत मी डेटाची दुसरी प्रत ठेवली नव्हती. हार्ड डिस्क गेली आणि तिच्यासोबत चार महिन्यांचं कामही. तुम्हालाही सगळे ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगतील. तो सल्ला अर्धाच आहे.

उरलेला अर्धा अलिबागला सापडतो. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी अनेक दशकं होत होत्या. पुढे घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणजे नोंदी बिघडणार. ‘बघू पुढचं पुढे’ असं कुणी म्हटलं नाही. नानाभॉय मूस संचालक असताना, १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली, म्हणजे जुन्या-नव्या नोंदी जुळवता येतील. विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. नोंदींची साखळी तुटली नाही.

मानसशास्त्रात याच्या जवळची एक कल्पना आहे: बचावात्मक निराशावाद. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये ती मांडली. काय बिघडेल याची आधीच कल्पना करायची आणि त्या काळजीतून तयारी करायची.

मात्र ‘मला जमणारच नाही’ हा निराशावाद वेगळा. तो हात बांधून ठेवतो. शंका घ्यायची ती प्रयोगावर, स्वतःवर नाही.

आज एक करा. तुमचा प्रयोग कुठे फसू शकतो अशा तीन जागा लिहा आणि प्रत्येकीसमोर उपाय लिहा.