लंडनचे वार्तापत्र : कळेल अशी सरकारी भाषा

ब्रिटनमध्ये पेन्शन, कर, वाहन परवाना अशी बहुतेक सरकारी माहिती ‘गव्ह डॉट यूके’ या एकाच संकेतस्थळावर मिळते. २०१२ मध्ये ते सुरू झाले. तिथे लिहिणाऱ्यांना दंडक असा, की नऊ वर्षांच्या मुलाला वाचता येईल इतकी भाषा सोपी हवी आणि २५ शब्दांहून लांब वाक्य तोडायला हवे. सरकारी आरोग्यसेवा तर ‘युरिन’ऐवजी घराघरांत बोलला जाणारा ‘पी’ हा शब्द वापरते, कारण रुग्णाला आपले लक्षण ओळखता आले पाहिजे.

हे सहजासहजी घडलेले नाही. १९४८ मध्येच सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी अर्थखात्याच्या सांगण्यावरून अधिकाऱ्यांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिले होते. तरीही तीस वर्षांनंतर सामान्यांच्या हाती येणारे फॉर्म दुर्बोधच होते. त्याविरुद्ध उभ्या राहिल्या लिव्हरपूलच्या क्रिसी मेहर. त्यांना स्वतःला किशोरवयापर्यंत वाचता येत नव्हते. मदतीचा हक्क असलेली गरीब माणसे केवळ फॉर्म न समजल्यामुळे वंचित राहतात, हे त्यांनी वस्तीत काम करताना पाहिले होते. १९७९ मध्ये त्यांनी पार्लमेंटसमोरच्या चौकात सरकारी फॉर्मचे तुकडे केले. त्यांना हटवायला आलेल्या पोलिसाने शतकाहून जुन्या कायद्यातले लांबलचक कलम वाचून दाखवले. म्हणजे आम्ही इथून जायचे का, असे बाईंना विचारावे लागले! त्याच वर्षी त्यांची ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ ही चळवळ सुरू झाली. पुढे सरकारने आपले फॉर्म तपासायला घेतले. १९९९ पासून इंग्लंड आणि वेल्सच्या दिवाणी न्यायालयांनीही ‘प्लेंटिफ’सारखे जुने शब्द सोडले.

सोपे लिहिले की मजकुराचे वजन जाते, असा आक्षेप इथेही घेतला जातो. मला तो पटत नाही. घाईत असलेल्या वकिलालाही एका वाचनात अर्थ लागलेला हवाच असतो. इथे मुलांकडे राहायला आलेल्या मराठी आईवडिलांना तर दवाखान्याचे पत्र कुणाची मनधरणी न करता वाचता येणे, हा स्वाभिमानाचा प्रश्न असतो. सोपी भाषा पुरेशी नाही, हेही खरे. इंटरनेट नसलेल्या माणसाला खिडकीपलीकडे बोलणारा माणूस लागतोच. पण अवघड पत्राचा अर्थ शिकलेला माणूस कुणाकडून तरी काढून घेतो. नुकसान होते ते ज्याला त्या पत्राची सर्वाधिक गरज आहे त्याचे. म्हणून समजावून सांगण्याचे कष्ट लिहिणाऱ्यानेच घ्यायला हवेत. पगार त्याला त्याचाच मिळतो.