उपविभागीय कार्यालयातील पदवीधर अभियंता

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिन, १५ सप्टेंबर, आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मोठ्या धरणांचा व पुलांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु खुद्द विश्वेश्वरय्या यांच्या सेवेचा आरंभ लहान कामांपासून झाला होता. पुण्यात शिक्षण पूर्ण करून १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले. धुळे परिसरात पांझरा नदीच्या प्रवाहाखालून पाणी पलीकडे नेणारा नळ बसविण्याचे काम त्यांनी सेवेच्या प्रारंभीच, पावसाच्या अडचणींना तोंड देत पुरे केले.

आजही ग्रामस्थांची गाठ ज्या अभियंत्याशी पडते तो बहुधा तालुक्याच्या ठिकाणच्या दोन-तीन खोल्यांच्या उपविभागीय कार्यालयात बसतो. त्याच्या कामाचे स्वरूप व त्याच्या सहीचे महत्त्व सर्वांनी समजून घेणे इष्ट आहे.

एकाच माणसाकडे अनेक कामे

फर्मागुडी येथे १९६७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाल्यापासून गोव्यातील विद्यार्थ्यांना पदवीच्या शिक्षणाची सोय घराजवळ झाली. पदवी घेऊन हा तरुण सत्तरीसारख्या डोंगराळ तालुक्यात रुजू होतो, तेव्हा त्यास प्रथम एक गोष्ट कळून येते. मोठ्या कार्यालयात आराखडा एकाने करावा, मोजणी दुसऱ्याने करावी व तपासणी तिसऱ्याने करावी अशी विभागणी असते. लहान कार्यालयात जागेची पाहणी, अंदाजपत्रक, कामावरील देखरेख, मोजमाप आणि ग्रामस्थांच्या तक्रारी ही सर्व कामे बहुतांशी त्याच्याच टेबलावर येतात.

उदाहरणार्थ, ओहोळावर मोरी बांधावयाची आहे असे समजा. वरच्या अंगाचे पाणलोट क्षेत्र ३६ हेक्टर असून तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या क्षेत्रावर तासाभरात १८,००० घनमीटर, म्हणजे सेकंदाला ५ घनमीटर पाणी पडते. झाडी व माती यांनी त्यातील निम्मे अडविले, तर मोरीखालून सेकंदाला अडीच घनमीटर पाणी जाईल. परंतु तोच डोंगर उघडा झाला आणि दहापैकी आठ भाग पाणी वाहून येऊ लागले, तर हाच आकडा ४ घनमीटर होतो व जुनी मोरी अपुरी पडते.

हा हिशेब पुस्तकात शिकविलेला असतो. मात्र डोंगर उघडा झाला आहे की नाही, हे जागेवर चालत गेल्यावाचून कळत नाही. पूर कोणत्या दगडापर्यंत चढला होता, हे गावातील वृद्ध शेतकरी बोट दाखवून सांगतो. ज्या अभियंत्याने ही खूण पाहून आपला हिशेब पुन्हा तपासला, त्याची मोरी टिकण्याचा संभव अधिक.

काँक्रीट व पाणी

कामावरील देखरेखीत पाण्याचे प्रमाण हा नित्याच्या वादाचा विषय असतो. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यास पाण्याचे प्रमाण निम्मे ठरले असेल, तर २५ लिटर पाणी पुरे होते. वाळू ओली असल्यास त्याहूनही कमी घालावे लागते. कालविण्यास सोपे जावे म्हणून कामगार अधिक पाणी ओततात. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते व मागे बारीक छिद्रे राहून काँक्रीट दुबळे होते. याउलट, काँक्रीट घट्ट झाल्यावर ते निदान ७ ते १० दिवस सतत ओले ठेवणे आवश्यक असते. मजबुती पाहण्यासाठी १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून तपासतात.

मोजमाप पुस्तक

कार्यालयातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मोजमाप पुस्तक होय. त्याची पाने क्रमांकित असतात. झालेल्या कामाची लांबी, रुंदी व खोली त्यात लिहिली जाते आणि त्याच आधारे ठेकेदाराचे देयक तयार होते. नोंद चुकल्यास ती खोडरबराने पुसावयाची नसते. एका रेषेने काटून, शेजारी योग्य आकडा लिहून सही करावयाची असते. वरिष्ठ अधिकारी काही मोजमापे स्वतः पडताळून पाहतात.

खरी कसोटी लागते ती जमिनीखाली झाकल्या जाणाऱ्या कामाच्या वेळी. ओहोळाकाठच्या संरक्षक भिंतीचा पाया ४० मीटर लांब, १ मीटर रुंद व दीड मीटर खोल ठरला असता ६० घनमीटर काम होते. प्रत्यक्षात खोली १.२ मीटरच असेल, तर काम ४८ घनमीटर भरते. बाकीचे १२ घनमीटर केवळ कागदावर राहतात. पैशाचा अपव्यय तर होतोच. पण पुराने तळ खरवडला की उथळ पायाची भिंत आधी ढासळते, आणि तिच्यामागे कोणाची तरी बाग वा घर असते. मार्चअखेर देयकांची घाई असते. अशा वेळी “पाहिल्यासारखेच आहे, सही करा” असा आग्रह होतो. नवख्या अभियंत्यास तो मोडणे जड जाते. तथापि पाया भरण्यापूर्वी स्वतः फीत धरून मोजणे आणि न पाहिलेल्या मापावर सही न करणे, हेच त्याच्या पदवीचे खरे सार्थक होय.

ग्रामस्थांचे साहाय्य

या कामी तो एकटा पडू नये. पाया खणला जात असता ग्रामस्थांनी तेथे उपस्थित राहावे व मंजूर खोली किती, हे विचारावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये नागरिकांस अभिलेखांबरोबरच सार्वजनिक कामाची पाहणी करण्याचा व वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. शिक्षकांनी पाणलोटाचा वरील हिशेब वरच्या वर्गांतील मुलांकडून आपल्याच गावच्या ओहोळासाठी करून घेतल्यास गणित व गाव दोन्हींची ओळख होईल.

विचारणारा ग्रामस्थ हा प्रामाणिक अभियंत्याचा विरोधक नसून साक्षीदार असतो. सहीसाठी आग्रह होत असता “गावकऱ्यांसमक्ष मोजले आहे” एवढे वाक्य त्यास पुष्कळ बळ देते.