खाजगी उमेदवार, सतरा क्रमांकाचा अर्ज आणि गावचा शिक्षक

प्रत्येक गावात काही तरुण व प्रौढ मंडळी अशी आढळतात, की ज्यांचे शिक्षण पाचवी, सातवी किंवा आठवीनंतर खंडित झाले आहे. कोणी ऊसतोडीस गेले, कोणी गुरांमागे राहिले, तर कित्येक मुलींचा विवाह झाला. पुढे पोलीस पाटलाचे पद असो, एस. टी. तील चालकाची नोकरी असो, वा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अनेक व्यवसायांचा प्रवेश असो, ‘दहावी उत्तीर्ण’ ही अट आडवी येते. अशा व्यक्तींना पुन्हा शाळेत जाऊन बाकावर बसणे शक्य नसते. परंतु शाळेत न जाता माध्यमिक शालान्त परीक्षेस बसण्याची सोय महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने ठेविलेली आहे. तीच ‘फॉर्म नंबर सतरा’ या नावाने सर्वत्र परिचित आहे.

पात्रता

या मार्गाने दहावीस बसू इच्छिणारा उमेदवार किमान इयत्ता पाचवी उत्तीर्ण असावा, त्याच्या वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेली असावीत व त्याने शाळा सोडलेली असावी. वयाची कमाल मर्यादा नाही. पाचवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा बहुधा प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरातच असतो. म्हणजे या परीक्षेची पहिली किल्ली माध्यमिक शाळेच्या हाती नसून गावच्या प्राथमिक शिक्षकाच्या कपाटात आहे.

दाखला

मूळ शाळा सोडल्याचा दाखला हा अर्जाचा कणा होय. तो हरवला असल्यास शाळेकडून द्वितीय प्रत घेऊन तिच्यासोबत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. याशिवाय आधारपत्र व छायाचित्र लागते.

खरी अडचण येते ती नावाची व जन्मतारखेची. सातवीनंतर शाळा सोडून सासरी गेलेल्या मुलीचा दाखला माहेरच्या गावी असतो व त्यावर वडिलांचे नाव असते, तर आधारपत्रावर पतीचे. अशा वेळी अर्जातील नाव दाखल्याप्रमाणेच लिहावे व नाव बदलल्याचा पुरावा स्वतंत्र जपून ठेवावा. रजिस्टरातील नोंद चुकीची असल्याची तक्रार आली, तर शिक्षकाने ती स्वतःच्या अधिकारात खोडू नये. पुरावे घेऊन सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी मागावी. या कामास अनेक आठवडे जातात, म्हणून दाखल्याची पाहणी अर्जाची मुदत सुरू होण्यापूर्वीच झालेली बरी.

वयाच्या नोंदीचा प्रश्न नवा नाही. 1875 साली कोकणातील मुरूड गावचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले. तेथे ते सतरा वर्षांचे दिसत नाहीत, या कारणाने त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. विद्यार्थ्याची तयारी पूर्ण असूनही त्याचे वर्ष कसे वाया जाते, याचे हे उदाहरण शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. आज निदान कागद बिनचूक ठेवणे तरी आपल्या हाती आहे.

अर्जाचे दोन टप्पे

पुष्कळ उमेदवारांची फसगत होते ती येथे. सतरा क्रमांकाचा अर्ज हा परीक्षेचा अर्ज नव्हे. तो केवळ नावनोंदणीचा अर्ज होय. तो मंडळाच्या संकेतस्थळावर भरून, शुल्क देऊन, त्याची छापील प्रत व मूळ कागदपत्रे निवडलेल्या संपर्क शाळेत मुदतीत द्यावी लागतात. त्यानंतर नावनोंदणी प्रमाणपत्र मिळते. दुसरा टप्पा परीक्षेच्या अर्जाचा. तो त्याच शाळेमार्फत पुढे भरावयाचा असतो. पहिला टप्पा पार पडला म्हणजे सर्व झाले, असे समजून घरी बसलेला उमेदवार फेब्रुवारीत प्रवेशपत्र मागावयास जातो आणि रिक्त हस्ते परततो.

मुदत व शुल्क दर वर्षी मंडळ जाहीर करते, व उशिरा येणाऱ्यास विलंब शुल्क पडते. म्हणून पावसाळा सुरू होताच शिक्षकांनी प्रकटनाकडे लक्ष ठेवावे. संपर्क शाळा शक्यतो पायी किंवा एका एस. टी. ने गाठता येईल अशी निवडावी, कारण तेथे वारंवार जावे लागते. अपंग उमेदवारास मिळणाऱ्या सवलतींची मागणी प्रमाणपत्रासह वेळेवर करावी.

अभ्यासाची आखणी

सर्वसाधारणपणे तीन भाषा, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रे असे सहा विषय असून प्रत्येकास शंभर गुण आहेत. त्यांपैकी ऐंशी लेखी व वीस तोंडी किंवा अंतर्गत कामाचे. उत्तीर्ण होण्यास पस्तीस गुण लागतात. शाळेपासून दूर असलेला उमेदवार हे वीस गुण विसरतो. वास्तविक तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक व स्वाध्याय यांसाठी संपर्क शाळेत कधी जावयाचे, हे दिवाळीपूर्वीच विचारून घ्यावे.

गणिताची भीती सर्वांत मोठी. सातवीत शाळा सुटलेल्यास प्रथमच वर्गसमीकरणे शिकवू लागल्यास तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. बीजगणितात अंकगणिती श्रेढीपासून प्रारंभ करावा, कारण तिचे मूळ बेरजेत आहे. नंतर अर्थनियोजन घ्यावे. वस्तू व सेवा कराचा हिशेब शेकडेवारीचाच असून किराणा दुकानाच्या पावतीवरूनही तो समजावता येतो. अपूर्णांक, धन-ऋण संख्या व अवयव यांची उजळणी झाल्यावर वर्गसमीकरणांकडे वळावे. भूगोलात भारत व ब्राझील यांची तुलना आहे. तेथे पाऊस, नद्या, शेती व लोकवस्ती यांविषयीचे शेतकऱ्याचे ज्ञान उपयोगी पडते.

दुसरी अडचण हाताची. दहा वर्षे लेखणी न धरलेल्या माणसाला उत्तर येते, पण तीन तासांत लिहून होत नाही. दररोज एक पान शुद्धलेखन, पुढे घड्याळ लावून एक प्रश्न, व जानेवारीत पूर्ण प्रश्नपत्रिका, असा क्रम ठेवावा. पाठ्यपुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. तथापि छापील प्रत हाती असलेली अधिक बरी.

शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन सायंकाळी एक तास वर्गखोली उघडी ठेवता आली, तर चार-सहा उमेदवार एकत्र बसू शकतात. स्त्रियांसाठी वेळ त्यांना विचारून ठरवावी, कारण चूल, पाणी व मुले यांतून मिळणारा तास तोच खरा.

अपयश आल्यास

एखाददुसरा विषय राहिला तर मुख्य परीक्षेनंतर होणाऱ्या पुरवणी परीक्षेत तो देता येतो. निकालाच्या दिवशी हे सांगणारे कोणी जवळ नसले, तर उमेदवार कायमचा मागे फिरतो. त्या दिवशी शिक्षकाने त्याच्या घरी जावे, गुणपत्रिका वाचून द्यावी व पुढील अर्जाची तारीख सांगावी.

जनरल रजिस्टर उघडून मागील दहा वर्षांत पाचवी, सातवी किंवा आठवीनंतर शाळा सोडलेल्यांची यादी करणे, हे एका सायंकाळचे काम आहे. त्यांतील किती जण दहावी झाले नाहीत, हे गावात विचारल्यास दोन दिवसांत समजते. या यादीतील प्रत्येक नावापुढे मूळ दाखला आहे की नाही, हे प्रथम लिहावे. तेथून पुढचे काम आपोआप दिसू लागते.